रुमालातलं कुंकू

त्या संध्याकाळी सिस्टरने कमरेचा रुमाल काढला आणि मरियेच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. एवढंच झालं. कोणी काही बोललं नाही. चहाचे कप फिरत होते, कोणाचं तरी लेकरू दुसऱ्या चकलीसाठी हट्ट करत होतं. पण तो पुसणारा हात काही माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. तिने रागाने पुसलं असतं तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं. तिने पुसलं ते तान्ह्या पोराच्या ओठांवरचं दूध पुसावं तसं, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून, हलक्या हाताने, दोनदा. मग लाल बाजू आत घेऊन रुमालाच्या चार घड्या केल्या आणि तो परत कमरेला खोचला.

कुंकू माझ्या आईने लावलं होतं.

सिस्टर म्हणजे मठातली सिस्टर नव्हे, आमच्या शेजारची रिटायर्ड नर्स. मूळची कोट्टायमकडची. चाळीस वर्षं नागपुरात काढल्यामुळे तिचं मराठी आता सदरमधल्या कुठल्याही बाईसारखंच, 'काय करून राहिली?' विचारणारं. अख्खी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणते. तिचा नवराही दारात आलेल्यांना 'सिस्टर बाहेर गेली' असंच सांगतो, आणि यात काही चमत्कारिक आहे असं त्याला आजवर वाटलेलं नाही. ऑक्टोबर हा त्यांच्याकडे रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. त्या महिन्यात त्यांच्या चर्चची मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, एक मूर्ती घरोघरी फिरते, एका घरी एक रात्र. आदल्या घरची बाई ती मूर्ती मांडीवर घेऊन ऑटोतून आली. साधारण दोन वीत उंचीची, प्लास्टरची, पांढरा झगा, निळा पट्टा, नाकाच्या शेंड्यावरचा रंग उडालेला. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे उन्हाळ्याची राहिलेली उधारी. भिंती संध्याकाळीसुद्धा गरम होत्या आणि मेणबत्त्यांमुळे पंखा बंद ठेवलेला. घामाचा, वितळत्या मेणाचा आणि शेवंतीचा मिळून एक वास खोलीत भरला होता. शेवंती आमच्याकडची.

मूर्ती घरोघरी राहायला येते हे कळल्यापासून आईचा उत्साह उतू जात होता. 'म्हणजे आपल्या महालक्ष्म्यांसारखंच की,' ती म्हणाली. आमच्याकडे आजीच्या काळापासून महालक्ष्म्या बसतात. कोठारातून मुखवटे काढायचे, लोखंडी स्टँडवर चढवायचे, साड्या नेसवायच्या, आणि मग घरातल्या बायकांनी एकमेकींना विचारत, धान्याची रास दाखवत, 'ज्येष्ठा आली, कनिष्ठा आली' करत त्यांना उंबऱ्यातून आत आणायचं. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील. तिसऱ्या दिवशी त्या जायला निघाल्या की आजी खरोखर रडायची. लहानपणी मला वाटायचं, देव गेल्यावर काय रडायचं, देव काही जात नाही. आता वाटतं, आजी देवीसाठी रडतच नव्हती. माहेरी आलेली कुणीतरी परत चालली, म्हणून रडत होती.

तर आई शेवंती घेऊन आली, पर्समधून चांदीचा इवलासा करंडा काढला, आणि कोणाला काही कळायच्या आत मरियेला कुंकू लावून मागे सरकली. सिस्टरकडे आलेली आठदहा माणसं होती. मागच्या खुर्चीतली एक बाई किंचित हलली, एवढं मला दिसलं. मग जप सुरू झाला.

मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले. पाच दशकं. प्रत्येकाच्या सुरुवातीला प्रभूची प्रार्थना एकदा आणि मग दहा वेळा 'नमो मरिया'. अर्धे लोक मराठीत म्हणत होते, दोघी हिंदीत, सिस्टर आणि तिचा नवरा मल्याळममध्ये, 'नन्म निरञ्ञ मरियमे, स्वस्ति'. तीन भाषा एकमेकींच्या पायात पाय घालत चालल्या होत्या, पण थांबायच्या ठिकाणी बरोबर थांबत होत्या. आईने त्यातला तिला ओळखीचा एकच शब्द पकडला, स्वस्ति, आणि प्रत्येक वेळी तो आला की ती मान हलवायची. शेवटी मरियेची नावं घेण्याची एक मोठी प्रार्थना झाली. पहाटेचा तारा, हस्तिदंती मनोरा, रोग्यांचं आरोग्य, आमच्या आनंदाचं कारण. आई माझ्या कानात म्हणाली, 'सहस्रनाम.' मीही तेव्हा तेच समजले होते.

घरी आल्यावर मी चिडले. आईवर चिडले की सिस्टरवर हे मलाच कळत नव्हतं, त्यामुळे दोघींच्या वाटचं आईनेच ऐकलं. 'तुला कोणी सांगितलं होतं कुंकू लावायला? त्यांच्यात चालत नाही. त्यांना बाकीचे ख्रिश्चन आधीच म्हणतात की तुम्ही मूर्तिपूजा करता, मरियेला देव करून ठेवलंय. उद्या ती मूर्ती काटोल रोडच्या कोणाच्या घरी जायची, कपाळाला कुंकू घेऊन?' हे सगळं मी हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या तोऱ्यात सांगत होते. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश पाद्री. त्यांच्या पंथात मरियेचा मान आहे, पण तिच्याकडे मागणं नाही. माझी एक वर्गमैत्रीण त्याच परंपरेतल्या घरातली. 'आम्ही डायरेक्ट लाइन वापरतो, ते ऑपरेटरमार्फत जातात,' असं ती हसत म्हणायची. सदरमध्ये दोन्हीकडची कॅथेड्रल आहेत, प्रॉटेस्टंटांचं ऑल सेंट्स आणि सिस्टरच्या कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स. एका संध्याकाळी पायी दोन्ही बघून येता येतील एवढंच अंतर, पण या एका बाईपाशी दोघांच्या वाटा फुटतात.

आईने शांतपणे करंडा पर्समध्ये ठेवला. 'मी काहून पूजा करीन? घरी आलेल्या बाईला लावतो तसं लावलं. पोराची आई आहे ते.'

हे वाक्य मी तेव्हा वादातलं वाक्य म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. पण नंतर रात्रीबेरात्री वाचत बसले. वाचताना कळलं की आई जे बोलली त्यासाठी त्या लोकांनी ग्रीक शब्द घडवून ठेवले आहेत. फक्त देवाची करायची ती आराधना, लात्रिया. संतांना द्यायचा तो आदर, दुलिया. मरियेच्या वाट्यालाही दुलियाच. फक्त सगळ्यांत वरचा म्हणून हायपरदुलिया. मला आधी हे स्लीपरच्या तिकिटाचं थ्री-टिअर एसी करून दिल्यासारखं वाटलं. डबा बदलला तरी गाडी तीच ना? देव आणि 'जवळपास देव' यांत एवढी रेघ ओढून बसायची गरज काय, असं माझं हिंदू डोकं विचारत होतं. आम्ही आजारालाही देवी म्हणतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो आणि पंढरपूरच्या वाटेवर पायावर पाय पडला तर समोरच्या अनोळखी माणसालाही माउलीच म्हणतो. आमच्याकडे कोणाला देवत्व द्यायला वेळ लागत नाही, आणि कोणाला नाकारणं तर भलतंच वाईट दिसतं.

मग एक गोष्ट वाचली आणि तिथेच अडकले. चौथ्या शतकात अरबस्तानाच्या बाजूला काही बायका होत्या. त्या आसनावर कापड अंथरून मरियेला छोट्या भाकऱ्यांचा नैवेद्य दाखवायच्या आणि मग आपापसांत वाटून खायच्या. त्या भाकरीच्या नावावरूनच त्यांना कोलिरिडियन म्हटलं गेलं. सलामिसचा बिशप एपिफानियस त्यांच्यावर भयंकर संतापला. मरियेला मान द्या, आराधना देवाचीच करा, असं त्याने ठणकावून लिहिलं. त्याचा संताप आजपर्यंत टिकला, त्या बायकांचं म्हणणं कोणीच लिहून ठेवलं नाही. नैवेद्य दाखवताना त्यांच्या मनात लात्रिया होती की घरी आलेल्या बाईला काहीतरी खायला द्यावं एवढंच होतं, हे त्यांना कोणी विचारलं असेल का? माझ्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या बायका माझ्या आईच्या तोंडवळ्याच्याच येत राहिल्या.

पुढे ४३१ साली इफिससच्या धर्मसभेने मरियेला 'देवाची आई' म्हणण्यावर शिक्कामोर्तब केलं. नेस्टोरियस नावाच्या आचार्याला 'ख्रिस्ताची आई' म्हटलेलं चाललं असतं, त्यापुढे नको होतं. गंमत म्हणजे भांडण आईचं नव्हतंच, मुलाचं होतं: जन्माला आला त्याच्यातला देव आणि माणूस एकच की वेगवेगळे. आईला नाव मिळालं ते मुलाविषयीचा वाद मिटवण्यासाठी. हे मात्र मला लगेच समजलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका अमक्याची आई, तमक्याची आई याच नावाने गेल्या.

पण खरं कोडं सुटलं ते त्या नावांच्या प्रार्थनेपाशी. सिस्टरकडून तिचं मराठी पुस्तक मागून आणलं आणि पुन्हा वाचलं. सुरुवातीला पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला हाक आहे. त्या प्रत्येक हाकेनंतर लोक म्हणतात, 'आम्हांवर दया कर.' मग मरियेची नावं सुरू होतात, आणि त्या क्षणी क्रियापद बदलतं. 'आमच्यासाठी विनंती कर.' पहाटेच्या ताऱ्या, आमच्यासाठी विनंती कर. हस्तिदंती मनोऱ्या, आमच्यासाठी विनंती कर. नावं कितीही चढत जावोत, क्रियापद शेवटपर्यंत तेच. सहस्रनामात असं होत नाही. तिथे ज्याला हाक मारायची, त्याच्याकडेच मागायचं. इथे इतक्या नावांनी नटवलेल्या बाईकडे एवढंच मागायचं की बाई, तूही आमच्यासोबत माग. म्हणजे ती देणाऱ्यांच्या रांगेत बसलेलीच नाही. मागणाऱ्यांच्या रांगेत आहे, सगळ्यांत पुढे.

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा मी हे सिस्टरला जरा फुशारकीनेच सांगितलं, आणि वर आपलं नेहमीचं उदाहरण जोडलं. घरात कसं, बाबांकडे पैसे मागायचे असले की पोरं आईला पुढे करतात, तसंच ना? ती फणसाच्या बिया सोलत होती. गावाहून आलेल्या, वाळवून ठेवलेल्या. तिने मान वरही केली नाही.

'प्रभू काय रागीट बाप आहे का, की मातावुला मधे घालावं लागंल?'

मातावु म्हणजे आई. मरियेला ती तसंच म्हणते. मी गप्प. मग तीच म्हणाली, 'पेशंट सिरियस असला ना, की औषध डॉक्टरच देते. तरी बाजूला कोणी बसलेलं लागते. ते काही करत नाही. नुसतं बसते. पण ते उठून गेलं का पेशंटला समजते.' दोन-तीन बिया सोलून झाल्या. 'आमच्या जपात दोनच टाइम सांगितले आहेत. आता, आणि मरणाच्या वेळी. बाकी टाइमचं आपण पाहून घेऊ.'

मरणाच्या वेळी म्हटल्यावर मला एकदम बाबांची खोली आठवली. अकरा वर्षं झाली. बाबा ज्या हॉस्पिटलात होते, तिथेच सिस्टर नोकरीला होती. शेवटच्या रात्री तिची ड्यूटी संपली तरी ती घरी गेली नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, पहाटेपर्यंत. आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती, मी बाबांच्या हाताकडे बघत होते, आणि सिस्टरचा एक हात सारखा कोटाच्या खिशात हलत होता. किल्ल्या चाळवत असेल असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि त्या हालचालीचा थोडा रागही आला होता.

'त्या रात्री खिशात माळ होती का?'

'होती ना.'

'बाबांसाठी म्हणत होतीस?'

'मग काय माझ्यासाठी?'

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. बरं वाटलं हे खरं. आम्हाला काही सुचत नव्हतं, गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचं ठरवून आणलेलं पुस्तक पिशवीतच राहिलं होतं, आणि त्या सगळ्या वेळात कोणीतरी बाबांसाठी काहीतरी म्हणत होतं. पण आतून काहीतरी टोचलंही. आम्हाला विचारलं नाही. आणि त्या प्रार्थनेत 'आम्हा पापी लोकांसाठी' असे शब्द आहेत, हे मला आता माहीत झालं होतं. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दोन रुपये परत द्यायला उन्हात दोन चौक चालत गेलेला माझा बाप. मी विचारलंच, 'पापी कोणाला म्हणालीस?'

'आम्हा म्हणते ना ते. मी पण आली त्यात.' आणि जरा वेळाने, 'मले वाटलं होतं तुम्ही रागवाल. म्हणून खिशात.'

नोव्हेंबरात आईने सेमिनरी हिल्सला जायचं काढलं. 'तिचं घर पाहून येऊ' असं म्हणाली. तिथे लूर्दच्या मातेची ग्रोटो आहे, दगडी गुहेत उभी केलेली मूर्ती. आम्ही तिघी रिक्षाने गेलो. रविवार नव्हता, त्यामुळे गर्दी नव्हती. टेकडीवरची झाडं, सुकत चाललेलं गवत, मेणाचे जुने ओघळ, आणि कुठूनतरी खाली उतरणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. बाकावर बसून सिस्टरने आईला लूर्दची गोष्ट सांगितली. १८५८ साल, फ्रान्समधलं गाव, गिरणी बुडालेल्या घरची चौदा वर्षांची बर्नाडेट. राहायला जागा नाही म्हणून ते कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका ओलसर खोलीत राहायचं. फेब्रुवारी ते जुलै, अठरा वेळा तिला ती बाई दिसली. आई 'हो का, हो का' करत ऐकत होती; दृष्टांत, झरा, बरे झालेले रोगी हे सगळं तिच्या ओळखीचं होतं, कारंजा-माहूर-शेगाव फिरलेल्या बाईला त्याचं नवल नाही. ती थबकली ती एकाच ठिकाणी. ती बाई बर्नाडेटशी तिच्याच गावच्या बोलीत बोलली आणि तिला अहो-जाहो करून बोलली. पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का, असं विचारलं. आजवर त्या पोरीला असं कोणी बोललेलं नव्हतं. एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतं तसं तिने माझ्याकडे पाहिलं, असं बर्नाडेट पुढे सांगायची.

'पोट्टीले अहो म्हणाली?' आईने दोनदा विचारलं. मग बराच वेळ गुहेकडे पाहत बसली.

मीही पाहत बसले. मान कुठून कुठे जातो याचं माझं सगळं गणित उलटं होतं. मी दोन वीत उंचीच्या मूर्तीला किती मान द्यावा याच्या पायऱ्या मोजत बसले होते, आणि इथे त्या मूर्तीतली बाई तुरुंगातल्या खोलीत राहणाऱ्या पोरीला मान देत होती. ल्यूकच्या शुभवर्तमानात तिच्या तोंडी जे गाणं आहे त्यातही हेच आहे: दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं. त्या गाण्यातच ती म्हणते, यापुढे सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील. गावातली, लग्न व्हायचं असलेली, पोटुशी पोर हे म्हणते आहे. गर्व नाही त्यात, उलट स्वतःलाच पटत नसल्यासारखं आश्चर्य आहे, असं मला वाटतं.

'हिच्या नवऱ्याचं काय झालं?' आईने एकदम विचारलं.

'जोसेफ? पोरगा बारा वर्षाचा होता तोवर दिसते बायबलमध्ये. मग कुठंच नाही. गेला असंल लवकर. म्हणून तर क्रुसाखाली एकटी उभी आहे. आणि प्रभू मरता मरता आपल्या शिष्याला म्हणते, ही तुझी आई. सांभाळणारं कोणी असतं तर काहून म्हटलं असतं?'

आई काही बोलली नाही. मग पर्सची चेन उघडली, मिटली. 'मग मी लावायलाच नको होतं,' ती म्हणाली. 'बरं केलं तुम्ही पुसलं ते.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा गेल्यापासून आई स्वतः बारीक काळी टिकली लावते. करंडा पर्समध्ये असतो, पण तो देवांपुरता. हळदीकुंकवाला बोलावणी येतात, लोक चांगले आहेत, तोंडावर कोणी काही म्हणत नाही. तरी तिथे आई तबक हातात घेत नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधते. अकरा वर्षांत तिने एकाही बाईच्या कपाळाला बोट लावलेलं नव्हतं. घरी आलेल्या बाईला लावतो तसं लावलं, असं ती म्हणाली होती, आणि मी तिला ग्रीक शब्दांच्या आधी चार इंग्रजी शब्द ऐकवले होते.

सिस्टर इतकी भडकलेली मी कधी पाहिली नाही. 'ताई, मी त्याच्यासाठी नाही पुसलं!' बाकावरून उठूनच उभी राहिली. 'मूर्ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जाणार होती. लोक काय काय बोलतात तुम्हाला माहीत नाही. पण जप होईपर्यंत मी हात लावला का? सांगा. लावला का?'

नव्हता लावला. कुंकू आईने जपाच्या आधी लावलं होतं, पुसलं गेलं ते चहाच्या वेळी. मधली सगळी पाच दशकं, सगळी नावं, त्या आठदहा माणसांसमोर आणि मागच्या खुर्चीतल्या त्या बाईसमोर मरिया कुंकू लावूनच होती. मी पुसणारा हात तेवढा पाहिला होता.

परतीच्या रिक्षात दोघी काही बोलल्या नाहीत. सदरला उतरल्यावर आईने सिस्टरला हुर्डा येईल तेव्हा पाठवते म्हणून सांगितलं, आणि सिस्टरने मीठ कमी घाला म्हणून बजावलं, बीपी आहे.

परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर सिस्टरच्या दोरीवर तो रुमाल होता. कोपऱ्यात डाग, आणि तो धुऊन धुऊन फिका पडण्याऐवजी गडद झालेला. खाली येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. 'घरचं कुंकू आहे, हळदीचं. साबण लावून राहिली असंल, साबणानं आणखी लाल होते,' ती म्हणाली. 'लिंबू चोळून उन्हात टाकायला सांग. पिवळं पडंल, मग जाईल.'

मी अजून सांगितलेलं नाही.